ऑपरेशननंतर आंबट बंद, आणि वर व्हिटॅमिन सीची गोळी?

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, लिहिते क्वचित. आज घाबरून लिहिते आहे.

आईचं (वय ६४, वजन ५२ किलो) नऊ दिवसांपूर्वी हर्नियाचं ऑपरेशन झालं. पूर्वी पिशवीचं ऑपरेशन झालं होतं, त्याच जागी हर्निया आला होता. म्हणून पोट उघडून जाळी बसवली. मधुमेह बारा वर्षांचा आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. घरी आणून पाच दिवस झाले. टाके वरून कोरडे दिसतात, पण कालपासून खालच्या टोकाला पिवळसर पातळ पाणी येतंय. दिवसातून दोनदा कपडा बदलावा लागतो. ताप नाही, वास नाही.

डिस्चार्ज कार्डावर एक मल्टिव्हिटॅमिन लिहिलेलं आहे. त्याशिवाय माझा मामेभाऊ काळजीपोटी बरंच काही घेऊन आला: व्हिटॅमिन सी ५००, झिंक, व्हिटॅमिन ईच्या हिरव्या कॅप्सूल, बायोटिन आणि कोलॅजेनची पावडर. बिल १,८६० रुपये. हे सगळं एकत्र दिलं तर चालेल का? याने जखम लवकर भरते का?

दुसरी गोष्ट. आत्या घरी आली आहे, तिचं पथ्य कडक आहे. आंबट बंद (टाके पिकतात), भात बंद (पू होतो), डाळ बंद (वात होतो), दही-ताक बंद. श्रावण असल्यामुळे अंडी-मटणाचा प्रश्नच नाही. मी गोळ्या पुढे करते आणि आत्या ताट मागे घेते, असं चाललंय. कुणाचं ऐकू?

शल्यक | सोमवार, रात्री १०:४०

ताई, गोळ्यांचं नंतर बोलू. उद्या सकाळी उठल्याबरोबर ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना जखम दाखवा. टाके काढायच्या तारखेची वाट बघू नका. जाळी बसवलेल्या पोटात कातडीखाली पाणी साचणं बऱ्याचदा होतं, आणि बहुतेक वेळा ते निमूटपणे बरं होतं. पण आत जाळी आहे आणि साखरेचा आजार आहे, तेव्हा ते पाणी कसलं आहे हे डोळ्यांनी बघूनच ठरवायला हवं.

आज रात्रीपुरतं एक लक्षात ठेवा. अचानक भरपूर गुलाबी, मांस धुतल्यासारखं पाणी आलं, किंवा खोकताना आत काहीतरी सुटल्यासारखं आईंना वाटलं, तर त्यांना आडवं झोपवा, जखमेवर स्वच्छ ओला कपडा ठेवा आणि थेट हॉस्पिटल गाठा. ताप, कडेला पसरत जाणारी लाली, वास, वाढत जाणारं दुखणं, यातलं काहीही दिसलं तरी थांबू नका.

साखर शेवटची कधी तपासली?

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री १०:५१

डिस्चार्जच्या दिवशी. त्यानंतर नाही. उद्या सकाळी नेतेच.

रिटायर्ड सिस्टर | सोमवार, रात्री ११:०५

बाळा, सर्जिकल वॉर्डात चौतीस वर्षं काढली आहेत, म्हणून हक्काने विचारते. आईने आज सकाळपासून काय काय खाल्लं, ते वाटी-भाकरीच्या हिशोबात लिही. काही लपवू नकोस. आणि आज श्रावणी सोमवार आहे, तिने उपास धरलाय का?

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ११:१४

धरलाय. किती सांगितलं तरी ऐकलं नाही. सकाळी बिनसाखरेचा चहा, दुपारी एक वाटी साबुदाण्याची खिचडी, संध्याकाळी राजगिऱ्याचा एक लाडू आणि अर्धा कप दूध. रात्री उपास सोडताना मुगाचं वरचं पाणी आणि अर्धी चपाती.

एरवी रोज अर्धी-अर्धी भाकरी दोन वेळा, मुगाचं पाणी, दुधी किंवा पडवळाची भाजी, चहासोबत दोन खारी.

आहारवही | मंगळवार, सकाळी ६:२०

मी आहारतज्ज्ञ आहे. रात्रीच वाचलं, पण हिशोब करून लिहायचं होतं.

५२ किलोच्या निरोगी बाईला रोज साधारण ४३ ग्रॅम प्रथिनं लागतात (आपल्याकडचं प्रमाण किलोमागे ०.८३ ग्रॅम). जखम भरायची असते तेव्हा आम्ही किलोमागे १.२५ ते १.५ ग्रॅम धरतो. म्हणजे तुमच्या आईंना ६५ ते ७८ ग्रॅम. आता एरवीचं ताट बघा. दोन वेळची मिळून एक भाकरी ५ ग्रॅम. मुगाच्या पाण्यात डाळ खाली राहते, त्यामुळे २ ग्रॅम धरले तरी पुष्कळ. भाजी आणि खारी मिळून ३. चहातलं दूध १. बेरीज ११. औदार्याने १५ म्हणू.

उपासाच्या दिवशी तर साबुदाणा! त्यात जवळजवळ सगळा स्टार्च असतो. साखर वाढते आणि जखमेला बांधायला काही मिळत नाही.

कोलॅजेन म्हणजे जखम सांधणारं प्रथिनच. शरीर ते अमिनो आम्लांपासून विणतं. व्हिटॅमिन सी त्या विणकामाला लागतं, पण सूतच नसेल तर विणणार काय? कोलॅजेनची पावडर पोटात पचून अमिनो आम्लंच होते, आणि त्यात ट्रिप्टोफॅन हे एक गरजेचं अमिनो आम्ल नसतं, म्हणून प्रथिन म्हणून ती डाळ-दुधापेक्षा कमीच पडते. ती परत करता आली तर करा.

श्रावण पाळूनही ६५ पर्यंत जाता येतं. घट्ट वरण दोन वाट्या १३, दूध दोन कप १२, दही एक वाटी ५, पनीर ७५ ग्रॅम १३, भाजलेले शेंगदाणे मूठभर ७, पिठलं एक वाटी ८, दोन भाकरी १०. एकदम एवढं जाणार नाही, त्यामुळे दिवसातून सहा वेळा थोडं थोडं द्या. पण आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं किती वाढवायची हे डॉक्टरच सांगतील.

इतिहासवेडा | मंगळवार, सकाळी ९:०२

व्हिटॅमिन सी आणि जखम यांचं नातं किती खरं आहे, आणि कुठपर्यंत खरं आहे, हे एका माणसाने स्वतःच्या अंगावर तपासलंय. माझ्या मते या सगळ्या विषयातली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

१९३९ साली बोस्टनमध्ये जॉन क्रँडन नावाचा तरुण सर्जन होता. शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांच्या जखमा का उसवतात, हा त्याचा प्रश्न. त्याने स्वतः व्हिटॅमिन सी पूर्ण बंद केलं. पाव, चीज, अंडी असं खायचं, फळं-भाज्या शून्य. बाकीची जीवनसत्त्वं मात्र तो वेगळी घेत होता. सहा आठवड्यांतच रक्तातलं व्हिटॅमिन सी मोजता येईना. तीन महिन्यांनी त्याने पाठीवर चीर पाडून घेतली. ती व्यवस्थित भरली! सहा महिन्यांनी पुन्हा चीर घेतली, तोवर अंगावर स्कर्व्हीचे (व्हिटॅमिन सी च्या अभावाने होणाऱ्या रोगाचे) ठिपके आले होते. ही जखम वरून कातडीपुरती मिटली, आत मात्र काही जुळलंच नाही, नुसती रक्ताची गुठळी. मग शिरेतून व्हिटॅमिन सी सुरू केलं, आणि दहा दिवसांनी तीच जखम आतून चांगली भरलेली दिसली. १९४० मध्ये हे छापून आलं.

यातून मला दोन गोष्टी कळल्या. व्हिटॅमिन सी नसेल तर जखम भरत नाही, हे शंभर टक्के खरं. आणि तिथपर्यंत पोचायला त्या धडधाकट माणसाला फळं-भाजीशिवाय अनेक महिने काढावे लागले.

याच्या दोनशे वर्षं आधीची नोंद तर अंगावर काटा आणते. १७४० च्या दशकात ब्रिटिश नौदलातल्या अॅन्सनच्या जहाजांवर स्कर्व्ही पसरला तेव्हा एका खलाशाच्या पन्नास वर्षांपूर्वीच्या लढाईतल्या जखमा पुन्हा उघडल्या आणि जुळलेलं हाड पुन्हा सुटलं. कारण जुना व्रणही शरीर आतून सतत उसवत आणि विणत असतं.

दूरदेशी | मंगळवार, सकाळी ११:४८

मी शेफील्डला राहतो, म्हणून इथला भाग जोडतो. दुसऱ्या महायुद्धात इथल्या सॉर्बी संस्थेत असाच प्रयोग झाला होता. युद्धावर जायला सद्सद्विवेकाने नकार दिलेले वीस स्वयंसेवक होते, देखरेख जीवरसायनशास्त्रज्ञ हान्स क्रेब्स यांची. १९४४ मध्ये सुरुवात झाली. काहींना व्हिटॅमिन सी अजिबात नाही, काहींना रोज १० मिलिग्रॅम, काहींना ७०. मांडीवर चिरा पाडून व्रण किती ताणाला तुटतो तेही मोजलं. स्कर्व्ही टाळायला १० मिलिग्रॅम पुरले.

पण काही वर्षांपूर्वी तेच जुने आकडे नव्या पद्धतीने पुन्हा तपासले गेले. व्रण मजबूत राहायला जवळजवळ सगळ्यांना पुरेल अशी मात्रा रोज ९५ मिलिग्रॅमच्या आसपास निघाली. स्कर्व्ही न होणं वेगळं आणि व्रण पक्का होणं वेगळं, हे मला त्यातून समजलं.

आहारवही | मंगळवार, दुपारी १२:३०

९५ मिलिग्रॅम म्हणजे अर्धा मध्यम पेरू. पेरूत १०० ग्रॅमला २०० मिलिग्रॅमच्या पुढेच व्हिटॅमिन सी असतं. आवळा बाजारात यायला अजून अवकाश आहे, पण पेरू आले आहेत. लिंबू वरणात शिजवू नका, ताटात वाढल्यावर पिळा. उष्णतेने व्हिटॅमिन सी जातं. कोथिंबीर वरून, कच्ची. आणि मधुमेहात अर्धा पेरू चालतो, खारीपेक्षा कितीतरी बरा.

आत्यांच्या पथ्यात नेमकं हेच सगळं बंद आहे. म्हणून तर धाग्याचं शीर्षक वाचून मला गलबलून आलं.

माळ्यावरची पेटी | मंगळवार, दुपारी १:१५

सगळे गोळ्यांच्या विरोधात का? माझ्या वडिलांना बेडसोअर झाले होते. झिंक सुरू केल्यावर महिन्यात भरले. स्वतः बघितलंय.

शल्यक | मंगळवार, दुपारी ३:५५

ओपीडी संपवून लिहितोय. वडिलांना आराम पडला हे वाचून बरं वाटलं. झिंक खोटं आहे असं मी म्हणत नाही. १९६७ साली अमेरिकेत हवाई दलातल्या तरुणांवर अभ्यास झाला होता. माकडहाडाजवळच्या नाडीव्रणाचं (आत पोकळ वाट झालेल्या जखमेचं) ऑपरेशन करून जखम उघडी ठेवलेली. दहा जणांना झिंक सल्फेट दिलं, दहा जणांना नाही. झिंकवाल्यांच्या जखमा सरासरी ४६ दिवसांत भरल्या, बाकीच्यांच्या ८० दिवसांत. जगभर झिंकचा बोलबाला झाला तो तिथून. पुढे पायाच्या जुनाट व्रणांवर चाचण्या झाल्या, त्या सगळ्या एकत्र करून पाहिल्यावर सरसकट सगळ्यांना झिंक देण्याचा फायदा काही दिसला नाही. ज्यांच्या रक्तात झिंक कमी होतं त्यांना उपयोग होऊ शकतो. तुमच्या वडिलांचं खाणं आजारपणात कमी झालं असेल, तर झिंक खरोखर कमी पडलं असणं शक्य आहे. पण त्याच महिन्यात कूस बदलणं, हवेची गादी, खाणं हेही सुधारलं असेल ना?

झिंक महिनोन्‌महिने जास्त घेतलं की शरीरातलं तांबं घटतं. मग रक्त कमी होतं, पांढऱ्या पेशीही कमी होतात. म्हणजे जंतूंशी लढणाऱ्याच पेशी आपण घालवतो.

व्हिटॅमिन ए बद्दल कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर जखम भरणं मंदावतं, आणि व्हिटॅमिन ए तो परिणाम काही अंशी उलटवतं, हे १९६८ पासून माहीत आहे. दम्याच्या किंवा संधिवाताच्या रुग्णात आम्ही त्याचा विचार करतो, तेही थोडे दिवस. ते यकृतात साठतं, आणि गरोदर बाईला जास्त मात्रेत दिलं तर गर्भाला धोका असतो. घरी आपल्या मनाने सुरू करायची ही वस्तू नाही.

गल्लीतला केमिस्ट | मंगळवार, सायंकाळी ५:२०

दुकानातून लिहितोय, म्हणून थोडक्यात. आईंना अँटिबायोटिक चालू आहे का? सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सीसायक्लिन असेल, तर झिंक, लोह, कॅल्शियम त्याच वेळी देऊ नका. पोटात ते अँटिबायोटिकला चिकटतं आणि औषध रक्तात पोचतच नाही. लोक सगळ्या गोळ्या एका घोटात घेतात. किती वेळा पाकिटावर घड्याळ काढून दिलंय मी.

बायोटिन बंद करा. त्याने जखमेला काही होत नाही, उलट थायरॉईड आणि हृदयाची ट्रोपोनिन यांसारख्या रक्ततपासण्यांचे आकडे चुकू शकतात. ऑपरेशन झालेल्या माणसात हे परवडणारं नाही.

हिरवी कॅप्सूल पोटातून जास्त मात्रेत घेतली तर रक्त पातळ होण्याकडे कल जातो. अॅस्पिरिन किंवा वॉरफेरिन घेणाऱ्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

सी ची ५०० ची गोळी चघळून काही बिघडत नाही, पण दिवसाला चार-चार नकोत. शरीर ठरावीक पातळीपर्यंतच घेतं, उरलेलं लघवीवाटे जातं. मुतखडा होऊन गेला असेल तर जास्तच जपा. आणि मल्टिव्हिटॅमिनने लघवी पिवळीधम्मक झाली तर घाबरू नका, तो बी-२ चा रंग असतो.

पारिजात | मंगळवार, सायंकाळी ६:०७

हिरवी कॅप्सूल फोडून व्रणावर चोळायचा सल्ला मला माझ्या सिझेरियननंतर तीन जणींनी दिला होता. मी दोन आठवडे चोळलं. व्रणाच्या दोन्ही बाजूंनी लाल पुरळ उठलं, रात्रभर खाज. त्वचेच्या डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं आणि ते ओसरलं.

नंतर वाचलं. मायामीमध्ये १५ रुग्णांवर हे तपासलं होतं. त्वचेच्या कर्करोगाची गाठ काढल्यानंतर व्रणाच्या अर्ध्या भागाला साधं मलम, अर्ध्याला व्हिटॅमिन ई मिसळलेलं. बहुतेकांच्या व्रणात काही फरक पडला नाही किंवा तो आणखी वाईट दिसला, आणि एक तृतीयांश जणांना त्वचेची अॅलर्जी झाली. १९९९ ची गोष्ट आहे. माझं सिझेरियन त्यानंतर पुष्कळ वर्षांनी झालं, तरी मला कुणीच सांगितलं नाही. कृष्णाकाठ, आईंच्या ओल्या जखमेवर तर हे चुकूनही लावू नका. हळदही नको, स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते.

रिटायर्ड सिस्टर | मंगळवार, सायंकाळी ७:३०

आता आत्याबद्दल. तिच्यावर रागावू नकोस. पथ्य सांगणारी बाई त्या घरात जबाबदारी उचलते. माझ्या आजीच्या काळी जखम पिकली की माणूस हातचा जायचा, अँटिबायोटिक नव्हतं. मग ज्याच्यावर संशय ते सगळं ताटातून काढायचं. भात, आंबट, वांगं. भीतीच एवढी होती. पू जंतूंमुळे होतो, लिंबामुळे होत नाही, हे आज आपल्याला माहीत आहे.

मी वॉर्डात असं करायची. राउंडला डॉक्टर आले की घरच्या वडीलधाऱ्या बाईला पुढे बोलवायची आणि डॉक्टरांनाच म्हणायची, "साहेब, यांना सांगा काय काय द्यायचं." डॉक्टरांनी तिच्याकडे बघून सांगितलं, की ती स्वतः उभी राहून खाऊ घालायची. उद्या आत्याला सोबत ने. आणि तिला विचार, आवळा आंबटच असतो ना, तरी च्यवनप्राश आजारातून उठलेल्यालाच देतात ना?

उपासाचंही डॉक्टरांच्याच तोंडून येऊ दे. साखरेच्या रुग्णाने टाके असताना उपास करायचा नाही.

आणि घरात कुणी मिश्री लावतं का? आई? लाजू नकोस.

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री ९:४५

सकाळी जाऊन आले, दिवसभर धावपळ होती म्हणून आता लिहिते. आत्याला नेलं होतं, सिस्टर. तुमचा सल्ला वाचायच्या आधीच, तिनेच हट्ट धरला म्हणून.

सोनोग्राफी केली. कातडीखाली पाणी साचलंय, जाळीच्या खाली काही नाही. खालचे दोन टाके सोडून पाणी काढलं, तपासायला पाठवलंय. बाकीचे टाके तसेच. पण उपाशीपोटी साखर २६८ निघाली. डॉक्टर म्हणाले की या साखरेत जंतूंची मजा आणि पांढऱ्या पेशी सुस्त. थोडे दिवस इन्सुलिन सुरू केलंय, १८० च्या आत ठेवायचं आहे. क्रिएटिनिन नॉर्मल. बी-१२ कमी निघालं, मेटफॉर्मिनने होतं म्हणाले, त्याची इंजेक्शनं द्यायची आहेत. ते जखमेसाठी नाही, तिच्या पायांच्या मुंग्यांसाठी.

मल्टिव्हिटॅमिन चालू ठेवायचं, सी ची एक गोळी चालेल, झिंक दोन आठवडेच. बाकी सगळं बंद. बायोटिन आणि पावडर दुकानदाराने परत घेतली, हिरवी पट्टी फोडलेली होती म्हणून राहिली.

आणि हो. आई मिश्री लावते. चाळीस वर्षं. हॉस्पिटलमध्ये चार दिवस बंद होती, घरी आल्यावर पुन्हा सुरू. मला माहीत होतं आणि मी डॉक्टरांना कधीच सांगितलं नव्हतं. तुम्ही विचारलं नसतं तर आताही लिहिलं नसतं.

शल्यक | मंगळवार, रात्री १०:१०

सांगितलंत, फार चांगलं केलंत. निकोटिनने कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. मिश्रीतूनही ते हिरड्यांवाटे रक्तात जातंच. जखमेच्या कडांना प्राणवायू पोचला नाही तर प्रथिनं, व्हिटॅमिन सी सगळं रक्तात असूनही तिथे कामाला येत नाही. कोलॅजेन विणायलाही प्राणवायू लागतो. ठरवून करायच्या ऑपरेशनच्या चार आठवडे आधी तंबाखू सोडायला आम्ही सांगतो ते यासाठीच. आता उद्यापासून बंद केली तरी फायदा आहे. उद्या फोन करून तुमच्या सर्जनांनाही कळवा.

कृष्णाकाठ | शुक्रवार, सायंकाळी ६:३०

पाणी कमी झालंय, दिवसातून एकच कपडा. तपासणीत जंतू नाहीत. साखर सकाळी १५२. मिश्रीचा डबा आईने स्वतःच माझ्या हातात दिला, पण चिडचिड खूप होते आहे. आत्या तिच्याजवळ बसून पिठलं-भाकरी भरवते, वर लिंबू पिळते. आज अर्धा पेरू दिला, बिया काढून.

एक शेवटचा प्रश्न. आई विचारते आहे, नळाला पाणी आलं की कळशी कधीपासून उचलू?

शल्यक | शुक्रवार, रात्री ८:१५

इतक्यात मुळीच नाही. वरची कातडी दोन-तीन दिवसांत मिटते, म्हणून लोकांना वाटतं जखम भरली. खरी ताकद तीन आठवड्यांनी मूळच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतकी असते. तीन महिन्यांनी ८० टक्क्यांच्या आसपास जाते, आणि पुढेही पूर्ण शंभर होत नाही. जाळी आधार देते, तरी हर्निया एकदा होऊन गेलाय. भरलेली कळशी तीन महिने नको, नंतरही सर्जनांना विचारून. खोकताना, शिंकताना पोटावर उशी दाबून धरायला सांगा.

कृष्णाकाठ | शुक्रवार, रात्री ८:२२

म्हणजे दिवाळी होईपर्यंत पाणी मी भरते. सांगते तिला.